दुसरा हात

लग्नघरात हळद दळायची म्हटलं की कोपऱ्यात पडलेलं जातं धुऊन-पुसून अंगणात येतं. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत काय किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, पद्धत तीच. जात्याला हळकुंड-सुपारी बांधायची, सवाष्णींनी खुंट्याला हात लावायचा. तरुण पोरी फोटो काढून बाजूला होतात. मग एखादी म्हातारी पदर खोचून बसते, समोर तिची जाऊ बसते, दगड फिरायला लागतो आणि ओवी येते. एरवी विचारलं तर तिला आठवत नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण शब्दशः खरी आहे.

त्याचं कारण हातात आहे. एका खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं आपल्याकडं ओढायचं, दुसरीनं पुढं न्यायचं, मोकळ्या हातानं जात्याच्या तोंडात घास टाकायचा. घास जास्त झाला की भरड पडते, कमी झाला की दगडाला दगड लागतो. ओवीचंही तसंच. पहिली एक ओळ म्हणते, दुसरी तीच घोळवते, आणि तेवढ्या फेऱ्यांत पहिलीला पुढची ओळ जुळवायला सवड मिळते. समोर कुणी नसेल तर ती सवडही नाही.

ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की कडू होतं. म्हणून पूर्वी दळण नेहमीचं आणि पहाटेचं असायचं. नवी सून आधी नुसती मागं म्हणायची. मग कधीतरी सासू म्हणायची, "म्हण की माय, गप का?" घरात जिला मोठ्यानं बोलायची मुभा नव्हती, ती त्या अंधारात सासरचा जाच सासूसमोरच गायची आणि सासू तीच ओळ परत म्हणायची. आपल्याविरुद्धचं गाऱ्हाणं असं स्वतःच्या तोंडानं म्हटल्यावर सासू आधीची कशी राहील?

गंगाखेड परभणी जिल्ह्यातलंच, जनाबाईचं गाव. तिनं अभंगात साक्षात विठ्ठलाला जात्यावर बसवलं. देवाकडं मागितलं काय, तर दुसरा हात.

१९८० च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइटवाँ पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या डोंगरी गावांत या ओव्या टिपू लागले. कोळवड्याच्या ताराबाई उभे आणि नांदगावच्या कुसुमताई सोनवणे स्वतः गाणाऱ्या. त्या इतर बायकांच्या ओव्या गोळा करायलाही लागल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि संगणकावरच्या नोंदींची बाजू सांभाळली. परभणीला लागूनच असलेल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. जुना छंद, नवं दैवत, आणि कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही! गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहानं हा ठेवा लोकांसमोर आणायला सुरुवात केली.

अंगणात हळद संपत येते. म्हातारीचा खांदा भरून येतो आणि जावेच्या जागी फोटो काढणारी नात बसते. घास जास्त पडतो, भरड निघते. आजी तिच्या हातावर हात ठेवून फेरा सावरते. नातीला पुढची ओळ येत नाही. म्हणून आता मागं म्हणायचं कामही आजीच करते, आपलीच ओळ, पुन्हा एकदा, हळू.