टाचण वहीबाहेरचा वर्ग

बी.एड. दोन वर्षांचं झालं 2015 साली. त्याआधी वर्षभरात सरावपाठ उरकले की छात्राध्यापक मोकळा. नव्या नियमांनी वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आणली, त्यातले सोळा आठवडे दुसऱ्या वर्षी. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) आराखड्यात समावेशक शाळा हा विषयही आला, अर्ध्या पेपरचा. आमची तुकडी या बदलाच्या सुरुवातीची. 2016 च्या दिवाळीनंतर हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेत सहावीला भूगोल शिकवायला उभा राहिलो, तेव्हा कलमं पाठ होती. 1995 चा अपंग व्यक्ती कायदा, 2009 चा शिक्षण हक्क कायदा, सगळं. वर्गातल्या एका मुलीला फळा दिसत नाही, तर आजचा पाठ कसा घ्यायचा, हे मात्र कुठल्याच पेपरात नव्हतं.

टाचण वहीला तेव्हा फार मान. उद्दिष्टं, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलककार्य, गृहपाठ, सगळ्यांना रकाने. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी रकाना नाही. काही जण तळाशी ‘वैयक्तिक लक्ष दिले’ एवढं लिहीत आणि सही मिळून जाई.

ती मुलगी अल्पदृष्टी. तिला पहिल्या बाकावर बसवलं की शाळेचं काम झालं, असाच सगळ्यांचा समज. पण खिडकीतल्या उजेडानं फळा चकाकायचा आणि नेमकं तिच्या जागेवरून काही दिसत नसे. हे ओळखलं गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षिकेनं. मॅडम कंत्राटी, मानधनावर. तालुक्यातल्या शाळा स्कूटीवर पालथ्या घालायच्या, त्यामुळे आमची पाळी बऱ्याच दिवसांनी येई. आल्या, मुलीला उठवून स्वतः तिच्या जागी बसल्या, डोळे बारीक करून फळ्याकडे पाहिलं आणि बाक डावीकडे सरकवायला लावला. मग तिची वही घेऊन काळ्या स्केचपेननं एकाआड एक ओळ जाड करून दिली. या सगळ्याला पंधरा मिनिटंही लागली नसतील.

जिल्ह्याचा नकाशा शिकवायचा होता, तर म्हणाल्या, हाताला लागेल असा करा. पुठ्ठ्यावर फेविकॉल लावून उत्तरेच्या सीमेवरच्या पैनगंगेला जाड सुतळी, कयाधूला बारीक दोरा, पूर्णेवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांना मणी. ‘ज्वारीचे दाणे नका लावू सर, शाळेतले उंदीर धरण ठेवत नाहीत,’ हेही त्यांनीच बजावलं. नकाशा तिच्यासाठी केलेला, पण मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन आलेली पोरं डोळे मिटून त्यावर बोट फिरवायला रांग लावायची. कयाधू जिल्ह्यातून कुठून कुठे जाते हे त्या वर्गाला जितकं पक्कं झालं, तितकं माझ्या रंगीत तक्त्यानं शेजारच्या तुकडीला झालं नाही.

दुसरा मुलगा कमी ऐकणारा. त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, तो आजीजवळ. शिबिरात श्रवणयंत्र मिळालं होतं, पण कानावर नव्हतं. घरी गेलो तर आजी म्हणाली, ‘सेल सरले गुरुजी, मंग ठिवलं डब्यात.’ यंत्र वाटलं तेव्हा फोटो निघाले असतील. कानातल्या यंत्राचे बारके सेल गावच्या किराणा दुकानात मिळत नाहीत, याचा विचार कुणाच्या तक्त्यात नव्हता. सेल येईपर्यंत मॅडमनी मला एकच शिस्त लावली: फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. लिहायचं, थांबायचं, वळायचं, मग बोलायचं. वर्गाची गडबड त्यानं निम्म्यावर आली.

आमची आंतरवासिता चालू असतानाच, डिसेंबर 2016 मध्ये, संसदेत दिव्यांग हक्क कायदा मंजूर झाला. सातांच्या जागी अपंगत्वाचे एकवीस प्रकार आले, त्यात अध्ययन अक्षमताही. माझ्या वर्गात धडा तोंडपाठ सांगणारा, पण वाचायला उभा केला की घाम फुटणारा एक मुलगा होता; गुरुजी त्याला आळशी म्हणत. एप्रिल 2017 मध्ये कायदा लागू झाला, तरी तपासणी आणि प्रमाणपत्राची वाट त्याच्या घरच्यांना माहीत नव्हती. त्यामुळे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या यादीत तो नव्हताच.

मला सर्वांत खटकतं ते हे, की साध्या बी.एड.चा कारभार एनसीटीईकडे आणि विशेष शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा भारतीय पुनर्वास परिषदेकडे. परिषदा दोन, महाविद्यालयं वेगळी. एकाच मुलासाठी तयार होणारे दोन शिक्षक शिकताना कधी भेटतच नाहीत. आमची भेट शाळेच्या व्हरांड्यात झाली, तीही मॅडमची फेरी आणि माझा तास जुळून आले म्हणून. मार्गदर्शक प्राध्यापकांच्या निरीक्षण तक्त्यावर मॅडमचं नाव कुठेच आलं नाही, आणि त्यांच्या अहवालात माझं नाव येण्याचं कारण नव्हतं.

2018 ला सर्व शिक्षा अभियानाचं समग्र शिक्षा झालं. नाव बदललं, पण विशेष शिक्षक कंत्राटीच राहिले. मग कोरोना. शाळा बंद, छात्राध्यापकांचे पाठ मोबाइलवर, आणि शाळा उघडल्यावर तोंडावर मास्क. ओठ पाहून समजून घेणाऱ्या मुलांना तो काळ किती जड गेला असेल, त्याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रमाण घालून दिलं: प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. 2024 मध्ये महाराष्ट्रानं केंद्रस्तरावर 4860 पदं निर्माण केली, म्हणजे केंद्राला एक, आणि वर्षानुवर्षं मानधनावर राबलेल्या शिक्षकांना त्यात सामावून घेण्याचं ठरवलं. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा धरा. तालुकाभर भटकण्यापेक्षा हे बरंच बरं. न्यायालयाचं प्रमाण सगळीकडे त्यात बसेल असं मात्र नाही.

आता करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. आंतरवासितेच्या सोळा आठवड्यांतला एक आठवडा छात्राध्यापकानं केंद्राच्या विशेष शिक्षकाबरोबर, त्याच्या गाडीवर मागे बसून, फिरावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. बी.एड. महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक पत्र दिलं तरी भागेल.