किल्लीवांचून उघडणारें दार

अमेरिकेंत शेतकरी, सुतार, गवंडी यांच्या दारीं पुष्कळदां ‘पिक्-अप्’ गाडी उभी असते; मागें उघडा हौदा, पुढें बसावयाची जागा. फोर्ड कंपनीची एफ-१५० ही त्यांतील प्रसिद्ध जात. २००० सालच्या सुमाराच्या अशा गाडीचें दार रिमोटचें बटण दाबतांच दुरून उघडतें. पण एके दिवशीं बटण दाबूनहि दार ढिम्म राहतें, आणि मालक नवा रिमोट आणावयास धांवतो. ही घाई बहुधा व्यर्थ ठरते.

रिमोट म्हणजे एक चिमुकलें बिनतारी प्रेषकयंत्र. तें सांकेतिक संदेश धाडतें. गाडींतील ग्राहकयंत्र तो ओळखीचा असेल तरच कुलपांच्या मोटारींस आज्ञा देतें. म्हणून दोष प्रेषकांत, ग्राहकांत, त्यांच्या ओळखींत किंवा खुद्द कुलपांत शोधावा.

प्रथम दाराच्या आंतील बटण दाबावें. त्यानेंहि कुलपें हलत नसतील, तर रिमोटला दोष देणें अन्यायाचें. फ्यूज, तारा व मोटारी तपासाव्या. कुलपें हलत असल्यास दुसरा रिमोट वापरावा. तो चालला, तर गाडी निर्दोष. मग पहिल्यांतील ३ व्होल्टचा सी. आर. २०३२ सेल बदलावा व पितळी पट्ट्या पुसाव्या. गाडीशेजारीं चालणारा, पण दुरून न चालणारा रिमोट बहुधा सेल क्षीण झाल्याचेंच सांगत असतो.

एवढ्यानेंहि काम न झाल्यास ओळख पुन्हां करून द्यावी. त्या काळच्या पुष्कळ फोर्ड गाड्यांत दारें लावून किल्ली ‘ऑफ्’वरून ‘रन्’वर १० सेकंदांत ८ वेळां न्यावी व शेवटीं ‘रन्’वरच ठेवावी, इंजिन मात्र सुरू करूं नये. कुलपें आपोआप लागून उघडलीं, कीं २० सेकंदांच्या आंत रिमोटचें बटण दाबावें. कुलपें पुन्हां हललीं म्हणजे ओळख पटली. सालागणिक रीत बदलते. म्हणून गाडीची पुस्तिका जवळ असावी.

येथें एक सावधगिरी हवी. नवी ओळख होतांच जुन्या साऱ्या ओळखी पुसल्या जातात. यास्तव घरांतील सर्व रिमोट एकाच बैठकींत शिकवावे. परंतु हाच नियम उपकारकहि आहे. जुनी गाडी विकत घेणारास पूर्वीच्या मालकाचा एखादा रिमोट कोणाच्या खिशांत राहिला, हें कळत नाहीं. ही कृति केली, कीं तो रिमोट निरुपयोगी होतो, आणि दार केवळ नव्या धन्याचेंच ऐकतें.