खोऱ्यांतील रण आणि दारांतील तार

युद्धाच्या वर्णनांत सेनापतींचीं नांवें व मृतांचे आंकडे वाचकांस हटकून आढळतात. रणांगणावरची वार्ता घरांत कशी पोंचली, हें मात्र क्वचितच कोणी सांगतो. म्हणून व्हिएतनाममधील १९६५ सालच्या एका लढाईची हकीकत आम्ही येथें देत आहों. तिचा पूर्वार्ध रणांत घडला, उत्तरार्ध उंबरठ्यावर.

दक्षिण व्हिएतनामच्या डोंगराळ मध्यभागीं, कंबोडियाच्या सरहद्दीनजीक, इया द्रांग नदीचें खोरें आहे. चू पोंग पर्वताच्या पायथ्याचा हा मुलूख झाडीनें व्यापलेला. फौज नेण्याजोगी सडक तेथें नव्हती. अमेरिकेनें त्याच वर्षीं जुलै महिन्यांत चारशेंहून अधिक हेलिकॉप्टरें बाळगणारी एक डिव्हिजन सिद्ध केली होती. तिला नांव मात्र जुन्या घोडदळाचेंच ठेवलें होतें.

१४ नोव्हेंबर रोजीं सकाळीं लेफ्टनंट कर्नल हॅरोल्ड मूर यांची सुमारें साडेचारशें शिपायांची पलटण या खोऱ्यांत उतरूं लागली. भूमीवर पहिलें पाऊल खुद्द मूर यांचें पडलें. हेलिकॉप्टरें अवघीं सोळा. त्यामुळें पहिल्या खेपेस ऐंशींच्या आसपासच माणसें आलीं, व पुढील खेप येईपर्यंत एवढ्यांनींच जागा राखावयाची होती. थोड्याच वेळांत हातीं लागलेल्या एका कैद्यानें डोंगरावर उत्तर व्हिएतनामची मोठी फौज असल्याचें सांगितलें, आणि दुपारीं लढाई जुंपली.

आकाशमार्गें येणाऱ्या सैन्याचा प्राण उतरण्याच्या जागेंत असतो. ती हातची गेली कीं पाणी, काडतुसें, कुमक, सारेंच खुंटतें. गोळीबारामुळें जखमींना नेणारीं हेलिकॉप्टरें उतरेनात, तेव्हां ब्रूस क्रँडल व एड फ्रीमन हे दोघे वैमानिक निःशस्त्र हेलिकॉप्टरें घेऊन दिवसभर येरझारा घालीत राहिले. जातांना दारूगोळा न्यावा, येतांना जखमी आणावे, असा त्यांचा क्रम होता. त्या जागीं तीन दिवसांत ७९ अमेरिकन शिपाई पडले. १७ तारखेस तेथून पायीं निघालेल्या दुसऱ्या पलटणीवर जवळच्याच रानांत घाला पडला, व आणखी १५५ जण गेले. प्रतिपक्षाचे शेंकडों सैनिक मेले. त्यांच्याही घरीं वाट पाहणारीं माणसें होतींच.

आतां उत्तरार्ध. मूर यांच्या पलटणींतील पुष्कळांचीं बिऱ्हाडें जॉर्जिया प्रांतांतील फोर्ट बेनिंग छावणीच्या आसपास होतीं. एकाच आठवड्यांत इतक्या मृत्यूंची वार्ता पोंचविण्याची तजवीज लष्करानें केलेली नव्हती. चारशें हेलिकॉप्टरांची तयारी झाली होती. विधवेच्या दारीं कोणीं जावें, याचा विचार झाला नव्हता. तारा टॅक्सीवाल्यांच्या हातीं देण्यांत आल्या. तो दार ठोठावी, लखोटा देई व निघून जाई.

एके दिवशीं अशी टॅक्सी मूर यांच्या पत्नी जूलिया यांच्याच दाराशीं थांबली. पांच मुलांच्या त्या मातेच्या मनाची तेव्हां काय अवस्था झाली असेल, तें वाचकांनींच जाणावें. टॅक्सीवाल्यास फक्त दुसऱ्या एका घराचा पत्ता विचारावयाचा होता! यानंतर जूलियाबाई स्वस्थ बसल्या नाहींत. टॅक्सीमागोमाग त्या त्या घरीं जाऊन त्यांनीं त्या स्त्रियांचें सांत्वन केलें, अंत्यविधींस हजर राहिल्या, आणि या रीतीविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रार केली. पुढें लष्करानें रीत बदलली. अधिकारी व धर्मोपदेशक यांनीं समक्ष जाऊन वार्ता सांगावी असें ठरलें. जूलियाबाई २००४ सालीं वारल्या, मूर २०१७ सालीं. दोघांनाही त्याच छावणीच्या स्मशानभूमींत मूठमाती मिळाली.

आपल्याकडील तारखातें २०१३ सालीं बंद झालें. पण तार म्हणतांच घरांत पसरणारी ती स्तब्धता वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असेल. अशा वेळीं शेजारचें कोणी जाणतें माणूस येऊन बसे, वाचून दाखवी, आणि चूल पेटली नाहीं तर पिठलेंभात धाडी. आतां वार्ता क्षणांत खिशांत येते, व आपणही चार शब्द पाठवून मोकळे होतों. जूलियाबाई मात्र उठून त्या घरीं गेल्या. तेवढें चालणें आपल्या घरांतील मुलांनींही शिकावें, अशी आमची इच्छा आहे.