माणूस घडताना (लेखांक ७) : मोळी आणि आंघोळ

मराठी घरात संस्कारांचा विषय निघाला की 'श्यामची आई'चे नाव आल्यावाचून राहत नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहून काढले, १९३५ मध्ये ते छापून आले आणि आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून संस्कार म्हणजे घर आणि घर म्हणजे आई, हे समीकरण आपल्याकडे पक्के बसले आहे. पोर चांगले निघाले तर आईची पुण्याई, वाया गेले तर बोल पुन्हा आईलाच. मागच्या लेखांकात मुलाच्या पहिल्या भाषेचा विचार केला होता. या वेळी हे समीकरण तपासायचे आहे, तेही त्याच पुस्तकाच्या आधाराने. आईच्या थोरवीबद्दल ते पुस्तक भरभरून बोलते यात शंका नाही. पण तिच्या एकटीच्या हातात किती होते, याबद्दल ते जे सांगून जाते त्याकडे आपले लक्षच जात नाही.

त्यातला मोळीचा प्रसंग घ्या. महार समाजातल्या एका म्हातारीची मोळी डोक्यावरून पडली आहे. ती पुन्हा डोक्यावर चढवायला कुणी हात लावत नाही, कारण विटाळ होईल. श्यामची आई त्याला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी आल्यावर आंघोळ कर. वाचकाच्या मनात राहते ती मोळी. आंघोळ बहुतेक जण विसरतात. मला मात्र सगळा प्रसंग त्या आंघोळीत दिसतो. आईची करुणा खरी आहे, त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण घरात ती धीटही आहे, आणि तरीही ती गावाने आखलेल्या रेषेपाशी येऊन थांबते. म्हातारीला मदत करायची, पण विटाळाचा नियम मोडायचा नाही. श्यामला त्या दिवशी घराने एकाच वाक्यात दोन गोष्टी शिकवल्या. त्याच घरातले दुसरे मूल यातली फक्त आंघोळ उचलू शकले असते आणि तरीही आपण आईच्या आज्ञेत आहोत असे त्याला प्रामाणिकपणे वाटले असते.

आता याच श्यामला, म्हणजे खुद्द साने गुरुजींना, मे १९४७ मध्ये पंढरपुरात पाहा. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले व्हावे म्हणून तो प्राणांतिक उपोषणाला बसला आहे. इथे आंघोळीचा प्रश्नच उरलेला नाही. मोळीपासून या उपोषणापर्यंतचे अंतर आईने तोडलेले नाही. ती १९१७ मध्येच गेली होती. मधल्या तीस वर्षांत काय घडले, ते पाहावे लागते. पुण्यातले शिक्षण, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांचा सहवास. मग तुरुंग. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांतले सत्याग्रही भेटले. पुढे गुरुजींनी प्रांताप्रांतांना जोडणाऱ्या आंतरभारतीचे जे स्वप्न मांडले, त्याची मुळे तिथली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचने झाली, ती गुरुजींनीच लिहून घेतली. आणि नाशिकच्या तुरुंगात ते आईच्या आठवणी लिहीत होते, त्या सुमारास याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला हा लढा दादासाहेब गायकवाडांनी पुढे काही वर्षे चालवला. त्या लढ्यात १९३२ मध्ये विशीतला एक सवर्ण तरुणही उतरला होता. त्याचे नाव विष्णु वामन शिरवाडकर. पुढे मराठीने त्याला कुसुमाग्रज म्हणून ओळखले. देवळात कुणी जावे आणि कुणी जाऊ नये, याचे वळण जुन्या नाशकातल्या सवर्ण घरांत कोणते होते हे वेगळे सांगायला नको. ते वळण झुगारणारी पोरे निघाली, ती चळवळीत मिळालेल्या सोबतीमुळे.

यावर सरळ आक्षेप असा की बी आईनेच पेरले ना? मोळी उचललीच नसती तर पंढरपूर कुठून आले असते? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक गफलत आहे. आपण शेवट माहीत असताना मागे वळून बी शोधतो. दयाळू आयांची मुले गावोगाव होती; त्यांतली किती उपोषणाला बसली? शिवाय हे पुस्तक आई गेल्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी, तेहतीस वर्षांच्या सत्याग्रह्याने लिहिले आहे. आठवणी आजच्या गरजेप्रमाणे निवडल्या जातात, हे मानसशास्त्राने चांगलेच दाखवून दिले आहे. मोळी आठवली ती अस्पृश्यतेचा प्रश्न मनात पेटलेला होता म्हणून, असेही म्हणता येते.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो : स्वभाव रक्तातच असतो, घर काय आणि चळवळ काय. जुळ्यांच्या अभ्यासांनी या म्हणण्यात तथ्य असल्याचे दाखवले आहे. पन्नास वर्षांतल्या २,७४८ प्रकाशित अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माणसामाणसांतल्या फरकांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ४९ टक्के निघाला. पण स्वभावापुरते पाहिले तर उरलेल्या भागातही 'एकाच घरात वाढणे' याला आश्चर्य वाटावे इतका कमी वाटा मिळतो. एका ताटात जेवलेली भावंडे स्वभावाने वेगळी निघतात, हे तर आपल्या आज्या आकडेवारीशिवाय सांगत आल्या. ज्यूडिथ रिच हॅरिस या अमेरिकी लेखिकेने १९९५ मध्ये यावरून असा सिद्धान्त मांडला की मूल घराबाहेर कसे वागायचे ते आईबापांकडून नव्हे, बरोबरीच्या पोरांकडून शिकते. मला तो थोडा ताणलेला वाटतो. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला विचारले तर तो सांगेल की डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचे कलम केले की पाण्याचा ताण खुंट सोसतो आणि घड कलमाचा लागतो. दोघांपैकी एकाला श्रेय देण्याच्या भानगडीत तो पडत नाही.

हॅरिसबाईंचे म्हणणे कुठे तोकडे पडते, ते रुमानियात दिसले. १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा तिथल्या अनाथालयांत हजारो बालके पाळण्यांतच वाढत होती. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून त्यांतली निम्मी मुले सांभाळ करणाऱ्या कुटुंबांकडे सोपवली गेली. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना माणसांचा लळा लागणे पुष्कळ सोपे गेले. उशिरा गेलेल्यांची भरपाई अपुरी राहिली. सभोवती पोरे तर अनाथालयातही होती. म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांत कुशीला पर्याय नाही, आणि ती कुशी जन्मदात्या आईचीच हवी असेही नाही.

घर आणि सोबत यांचा हा हिशेब नाशिकला पुस्तकी नाही. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ मध्ये उभा राहिला, त्याच्या मुळाशी खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शहरात एकत्र ठेवणारे बोर्डिंग होते. त्यांच्या घरात दोष होता असे कुणी म्हटले नाही. सोबत बदलली तर मुलगा स्वतःकडून वेगळी अपेक्षा करू लागेल, एवढाच विश्वास होता, आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला. आज राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तालयाचे कार्यालय याच शहरात आहे. त्याच्या आश्रमशाळांत सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरची मुले पहिलीपासून राहतात. बोर्डिंगातला मुलगा थोडा जाणता होऊन येत असे. हे मूल सहा वर्षांचे असते. घरी कोकणी ही आदिवासी बोली बोलणारे हे लेकरू वर्गात पाठ्यपुस्तकातली मराठी ऐकते. रात्री रडू आले तर त्याला गप्प करायला अधीक्षकाआधी शेजारच्या अंथरुणावरचा चौथीतला पोरगा उठतो. त्या लेकराला कोण घडवते, या प्रश्नाचे उत्तर तिथे शोधावे लागेल : अधीक्षिका किती मुलांमागे एक आहे, थोरली पोरे धाकट्यांना जवळ घेतात की दरडावतात, आणि सुट्टीत पाड्यावर गेल्यावर त्याची भाषा त्याच्याच आईला परकी वाटू लागते का. एकाच अंथरुणावर निजलेल्या दोन मुलांपैकी एक तिथे रुळते आणि दुसरे वर्षभर घरच्या वाटेकडे डोळे लावून बसते, ते का, याचा विचार पुढच्या आठवड्यात, उपजत स्वभावाच्या लेखांकात करू.