सिम कार्ड ज्याच्या नावावर, नंबर त्याचा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. पण उसाशी त्याचा संबंध नाही असे कोणी समजू नये. ऊसनोंदीचा निरोप, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन आणि बिल बँकेत जमा झाल्याची खबर, हे सारे आता मोबाईलवर येते. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा असो वा पी. एम. किसानची पडताळणी करायची असो, आधारला जोडलेल्या नंबरवरच ओटीपी येतो. म्हणजे सात-बारा, पासबुक यांच्या जोडीला मोबाईल नंबर हाही एक दस्तऐवजच होऊन बसला आहे.

गटातून फिरताना आमच्या ध्यानात येते ते असे की, नोंदीच्या अर्जावर लिहून दिलेला नंबर पुष्कळदा सभासदाच्या नावावरच नसतो. कोणाचे सिम पुतण्याच्या नावावर, कोणाचे मुंबईच्या मुलाच्या नावावर, तर कोणाला ते कोणाच्या नावावर आहे हेच ठाऊक नसते. विचारले तर उत्तर येते, “चालतंय की!” चालतंय तोवर ठीक. अडल्यावर मात्र धावाधाव होते.

उसाचेच उदाहरण घ्या. लावण आपण केली, पाणी आपण दिले, पण नोंद शेजाऱ्याच्या नावावर घातली, तर बिल कोणाच्या खात्यावर जाईल? सिमचेही तसेच आहे. फोन तुमच्या खिशात असला तरी कंपनीच्या दप्तरी ज्याचे नाव, नंबर त्याचा.

घाटाखालचा धडा

महाड आणि पोलादपूर हे घाटाखालचे भाताचे तालुके. तिथे आपला ऊस नाही, पण आपला राबता आहे. कोणाचा मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, कोणाची लेक पोलादपूरकडे दिली आहे. रायगड, शिवथरघळ, चवदार तळे, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पाहण्यासाठी आंबेनळी किंवा वरंध घाट उतरणारे सभासदही पुष्कळ आहेत.

२२ जुलै २०२१ रोजी या भागावर जो प्रसंग आला तो सर्वांना आठवत असेल. सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. रस्ते बंद, वीज बंद आणि मोबाईलही बंद. मदत पथकांना तळियेपर्यंत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

टॉवरच बंद पडला तर कोणाचेच सिम चालत नाही, हे खरे. पण पाणी ओसरल्यावरचा विचार करा. घरात पाणी शिरून फोन गेला आहे. बँकेतून पैसे काढायचे आहेत, नातलगांना कळवायचे आहे. अशा वेळी तोच नंबर नव्या सिमवर परत मिळतो. पण तो देताना कंपनी मूळ नोंदीतल्या माणसाची ओळख तपासते. नोंद तुमच्या नावावर असेल तर काम होते. ती मुंबईच्या मुलाच्या नावावर असेल, तर तो येईपर्यंत थांबा! महाड-पोलादपुरात घरटी कोणी ना कोणी मुंबईला असते आणि गावी म्हातारी माणसे असतात. आपल्याकडेही चित्र फारसे निराळे नाही.

नोंद कशी होते

आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. पुढे मोबाईल गावोगाव आले, तेव्हा छापील अर्ज, फोटो आणि झेरॉक्स दिली की सिम मिळे. त्या झेरॉक्सवर आणखी किती सिमे निघत, याचा पत्ता लागत नसे. म्हणून १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्जाची पद्धत बंद झाली. आता नोंद अशी होते :

१. स्वतः दुकानात जावे. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी मूळ कागद सोबत न्यावा. बहुतेक दुकानांत आधारच मागतात.

२. दुकानदार तिथल्या तिथे तुमचा फोटो काढतो. घरून नेलेला फोटो चालत नाही.

३. आधारवर नोंद करायची असेल तर बोटाचा ठसा घेतात किंवा ओटीपी मागतात. नाव आणि पत्ता आधारच्या दप्तरातून आपोआप येतो.

४. पडद्यावर दिसणारे नाव, पत्ता आणि जन्मतारीख दुकानदाराकडून वाचून घ्यावी. आपल्या नोंदीत गट नंबर चुकला की पुढे किती त्रास होतो, हे आपण जाणताच.

अठरा वर्षांखालील मुलाच्या नावावर सिम मिळत नाही. ते पालकाच्या नावावर घ्यावे लागते, आणि त्याची जबाबदारीही पालकाची राहते.

ठशाविषयी खास सूचना. पाचटाने कापलेली आणि कामाने झिजलेली बोटे यंत्राला लवकर ओळखू येत नाहीत. “ठसा नीट उमटला नाही, पुन्हा द्या” असे म्हणून दुसऱ्या ठशावर दुसरेच सिम काढून ठेवण्याचे प्रकार झालेले आहेत. दर वेळी ठसा फसला की नाही ते पडद्यावर पाहावे. सोबत शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर उत्तम.

घाटाखाली राहायला गेलेल्यांसाठी

मुलाला महाडला नोकरी लागली म्हणून नवा नंबर घ्यायलाच हवा असे नाही. मोबाईल कंपन्यांच्या हिशेबात मुंबईचे क्षेत्र वेगळे आणि उर्वरित महाराष्ट्राचे वेगळे. महाड-पोलादपूर हे महाराष्ट्राच्याच क्षेत्रात येतात. घरचाच नंबर तिथे चालू ठेवता येतो.

तिथे आपल्या कंपनीला रेंज नसेल, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द लिहून, एक जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि तो संदेश १९०० वर पाठवावा. उत्तरात येणारा कोड नव्या कंपनीच्या दुकानात द्यावा. ही सोय देशभर २०११ पासून आहे. मात्र सिम हरवून नवे घेतले असेल, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने त्यानंतर सात दिवस कंपनी बदलता येत नाही. नवे सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास संदेशही बंद असतात. त्या दिवशी ओटीपीचे काम ठेवू नये.

कोणती कंपनी घ्यावी, हे आम्ही सांगणार नाही. डोंगरी मुलखात एका वाडीला रेंज असते आणि पलीकडच्या वाडीला नसते. जिथे राहायचे त्या आळीतल्या माणसांना विचारावे. शक्य असेल तर दोन कंपन्यांची दोन सिमे ठेवावीत, म्हणजे एक टॉवर गेला तरी दुसरा लागण्याची आशा राहते. आणि महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. फोन भिजला की त्यातले नंबरही जातात!

पाहुणे आणि यात्रेकरू

६ जूनला रायगडावर किंवा २० मार्चला चवदार तळ्यावर जाणाऱ्यांनी नव्या सिमच्या भानगडीत पडू नये. गर्दीच्या दिवशी फोन लागेलच असे नाही. म्हणून चुकल्यास कुठे भेटायचे ते आधीच ठरवावे.

रायगडासह मराठ्यांचे १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. त्यामुळे परदेशातून येणारे पाहुणे, आपल्याच घरातली परदेशी स्थायिक झालेली मंडळीही, आता तिकडे जास्त जातील. परदेशी नागरिकाला सिम घ्यायचे तर मूळ पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो. भारतातला उतरण्याचा पत्ताही द्यावा लागतो, आणि ते सिम व्हिसाच्या मुदतीपुरतेच चालते. विमानातून उतरल्यावर मुंबईतच हे काम उरकून घेणे सोयीचे. “चार दिवसांचा तर प्रश्न आहे, तुमच्या नावावर काढून द्या,” असे कोणी म्हटले तर नम्रपणे नाही म्हणावे. पाहुणचार भाकरीचा करावा, आपल्या नावाचा नव्हे.

आपल्या नावावर किती?

एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ सिम कार्डे घेता येतात. तुमच्या नावावर किती आहेत, हे पाहण्यासाठी केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ ही सोय सुरू केली. त्यात आपला नंबर आणि आलेला ओटीपी घातला की यादी दिसते. अनोळखी नंबर असेल तर ‘हा माझा नाही’ अशी तक्रार तिथेच करता येते. हरवलेला फोन बंद पाडण्याची सोयही तिथेच आहे.

हे का पाहावे? तुमच्या नावावरच्या सिमवरून कोणी फसवणूक केली, तर चौकशी पहिल्यांदा तुमच्या दारात येते. खोटी ओळख सांगून किंवा फसवून सिम मिळवणाऱ्यास २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आणखी एक. “केवायसी संपली, आज सिम बंद होईल, आलेला नंबर सांगा,” असे फोन येतात. ते लबाडांचे असतात. आधार न जोडल्यास सिम बंद, ही सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने उठली. ओटीपी कोणालाही सांगू नये. कारखान्याचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. आमचा चिटबॉय नंबर विचारील, ओटीपी कधीच विचारणार नाही.

बंद पडलेला आणि गेलेल्याचा नंबर

नंबर ९० दिवस वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. तुमच्या बँक खात्याला तो तसाच जोडलेला राहिला, तर तुमचे संदेश त्या परक्याकडे जातील. म्हणून जुना नंबर सोडताना बँक, आधार आणि कारखाना या तिन्ही ठिकाणी नवा नंबर आधी लावावा.

घरातला कर्ता माणूस गेला की आपण वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जातो. त्याच्या मोबाईलची वारस नोंद मात्र कोणी करीत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे दिली की नंबर वारसाच्या नावावर होतो. जिवंतपणीही बापाच्या नावावरचा नंबर मुलाच्या नावावर रीतसर करता येतो. त्यासाठी दोघांनी कंपनीच्या दुकानात जावे.

तेव्हा एवढे करावे

येत्या ऊसनोंदीपूर्वी प्रत्येक सभासदाने चार गोष्टी पाहाव्यात : सिम आपल्या नावावर आहे का, तोच नंबर आधारला आहे का, तोच बँकेला आहे का, आणि तोच आपल्या गट कार्यालयात लिहिलेला आहे का. चारांत एक जरी फरक असेल, तर आधी सिमचे नाव दुरुस्त करावे, मग बाकीचे. भगिनी सभासदांनी तर हे अगत्याने पाहावे. शेअर त्यांच्या नावावर आणि नंबर दुसऱ्याचा, असे प्रमाण त्यांच्यात जास्त आढळते.

दुरुस्त झालेला नंबर गट कार्यालयात सहीनिशी द्यावा. तोडणीच्या धांदलीत हे काम होत नाही, म्हणून गाळप सुरू होण्यापूर्वीच करावे, अशी शेतकी विभागातर्फे विनंती आहे.