खेकड्याशिवाय खेकडा भजी!

बालदोस्तांनो, बाहेर धो धो पाऊस आणि ताटलीत गरमागरम खेकडा भजी! पण यात खेकडा औषधालाही नसतो बरं का! कांद्याच्या पातळ पाकळ्या खेकड्याच्या पायांसारख्या वेड्यावाकड्या बाहेर येतात, म्हणून हे नाव. आता ओळखा पाहू, ही भजी कुरकुरीत कशामुळे होतात? पाणी काढून टाकल्यामुळे!

साहित्य : तीन मध्यम कांदे, साधारण पाऊण वाटी बेसन, मोठा चमचाभर तांदळाचं पीठ, थोडा ओवा, तिखट, हळद, कोथिंबीर, मीठ आणि तळायला तेल.

कृती : कांदे उभे, पातळ चिरून पाकळ्या सुट्या करा. मीठ चोळून 10-15 मिनिटं झाकून ठेवा. मग पाहा गंमत! कांद्याला पाणी सुटलेलं दिसेल. कांद्यात दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. मीठ ते बाहेर खेचतं. विज्ञानाच्या पुस्तकात यालाच 'परासरण' म्हणतात. या पाण्यात भिजेल तेवढंच पीठ आणि बाकीचं साहित्य मिसळा. वरून पाणी मुळीच घालायचं नाही! पीठ कांद्याला नुसतं चिकटलं पाहिजे.

आता घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा. तळणीजवळ एकट्यानं जायचं नाही. तेलात पिठाचा थेंब टाकल्यावर तो बुडबुडत लगेच वर आला, की तेल तापलं समजा. मध्यम आचेवर थोडी थोडी भजी सोडा.

चुर्रर्र! हा आवाज कसला? पाणी 100 अंशांना उकळतं आणि तेल असतं 170-180 अंशांवर. त्यामुळे पाण्याची वाफ होऊन ती जोरात बाहेर पडते. तेल नीट तापलेलं नसेल, तर भजी तेलकट आणि मऊ होतात. बुडबुडे कमी झाले, रंग सोनेरी झाला, की भजी झाऱ्यानं निथळून काढा. मात्र ती झाकू नका. वाफेचं पुन्हा पाणी होऊन भजी मऊ पडतील.

आणि हे कायम लक्षात ठेवा : कढईतल्या तेलानं पेट घेतला, तर त्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. अशा वेळी तुम्ही लांब व्हा. मोठ्यांनी गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवायचं.

काय मग, येत्या रविवारी करताय ना बेत?