कामात सापडलेले नाणे कोणाचे?

बावड्यात जुना वाडा पाडताना किंवा पाया खोदताना आपल्या एखाद्या कारागिराच्या हाती मोहरांचा गडवा लागला, तर तो कोणाचा? हा नुसता गप्पांचा विषय नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, चिखली येथे बांधकामाच्या खोदाईत सापडलेली २१६ जुनी सोन्याची नाणी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २०२१ साली जप्त केली.

भंगारात घेतलेल्या पेटीत किंवा दुरुस्तीला आलेल्या कपाटात नाणे निघाले, तर ती अमानत आहे. आपण पेटी विकत घेतली, नाणे नव्हे. ते परत करावे. मालक माहीत नसेल तर शरीअतमध्ये अशा वस्तूला लुकता म्हणतात. ती वर्षभर जाहीर करून मालक शोधावा. जमिनीतील प्राचीन ठेव म्हणजे रिकाज. तिच्यात पाचवा हिस्सा काढावा लागतो.

देशाचा कायदाही पाळलाच पाहिजे. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन जमिनीत सापडल्यास कलेक्टरला लेखी कळवावे लागते. ते धन ठेवणारा किंवा त्याचा वारस मिळाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळते. लपविल्यास मात्र हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे कळविणाऱ्याला हक्काचा वाटा, लपविणाऱ्याला तुरुंग. कारागीर बंधूंनो, लोक आपल्यावर घर सोपवून निर्धास्त बाहेर जातात. हा भरवसा हेच आपले भांडवल आहे. एका मोहरेसाठी ते घालवू नये, असे आम्हाला वाटते.